फॉरमॅट मारण्याआधी

"सर, चालूच होईना गेलंय."

नांदेड असो की लातूर, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या काउंटरवर हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. त्यावरचं उत्तरही ठरलेलं: "फॉरमॅट मारावं लागतंय. ठेवून जा, संध्याकाळी या." दुकानदाराचं चुकतं असं मी म्हणणार नाही. फॉरमॅट मारायला तास-दीड तास पुरतो. बिघाड शोधायला कधी अख्खी दुपार जाते, आणि शोधण्याचे पैसे आपल्याकडे कुणी देत नाही. पण त्या दोन वाक्यांच्या मध्ये थोडी जागा करता आली, तर पुष्कळ मशिनं वाचतील आणि पुष्कळ फोटोही. त्यासाठी हे लिहितो आहे.

हे आत्ताच लिहायचं कारण असं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा, म्हणजे साधारण २०१७ च्या उत्तरार्धानंतरचा लागतो. म्हणजे २०१० ते २०१५ मध्ये हौसेने, कर्ज काढून किंवा संस्थेच्या ठरावाने घेतलेलं मशीन एका तारखेला 'जुनं' ठरलं. त्याला झालेलं काही नाही. काल संध्याकाळपर्यंत ते गुणपत्रकं छापत होतं.

शाळांत तर हा प्रश्न खोलीभर पसरलेला आहे. 'आयसीटी ॲट स्कूल' योजनेत आलेल्या संगणकांच्या प्रयोगशाळा आठवतात का? ठेकेदाराने उभारायच्या, काही वर्षं चालवायच्या आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायच्या, अशा त्या होत्या. सरकारी कागदावर या पद्धतीचं नाव 'बूट' होतं. नावात बूट, आणि आज त्यांतल्या कित्येक खोल्यांत बूट होणारं मशीन शोधावं लागतं. मुख्याध्यापक निर्लेखनाचा प्रस्ताव करतात, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये लाल शाईची रेघ पडते आणि दहा संगणक भंगाराच्या गाडीत जातात. माझं पहिलं आवाहन त्या रेघेआधी थांबण्याचं आहे. कोअर टू ड्युओ किंवा पहिल्या-दुसऱ्या पिढीचा आय थ्री, दोन ते चार जीबी रॅम आणि धड हार्डडिस्क असेल तर त्यावर लिनक्स चालतं. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती कमीत कमी दोन जीबी रॅम आणि वीस जीबी जागा मागते. चार जीबी असेल तर काम सुखाचं होतं. सरकारी शिक्का असल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांच्यासाठी सीडॅकने डेबियनवर बेतलेलं 'बॉस' काढलेलंच आहे. केरळातल्या सरकारी शाळा गेली कित्येक वर्षं लिनक्सवर शिकताहेत, तिथली मुलं काही मागे पडलेली दिसत नाहीत.

घोडं अडतं ते टाकताना. पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं, आणि काळी स्क्रीन. किंवा इंग्रजीत एक ओळ आणि खाली लुकलुकणारी रेघ. माणूस घाबरतो आणि "लिनक्स आपलं काम नाही" म्हणून पुन्हा डुप्लिकेट विंडोजकडे वळतो. खरं तर या अडथळ्यांतले बहुतेक लिनक्सचे नसतातच.

लातूरकरांना पुढची गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. नळाला पाणी आलं नाही म्हणून कुणी नळ फोडत नाही. धनेगावला मांजरा धरणात पाणी आहे का, टाकी भरली का, वॉल्व्हवाल्याने चावी फिरवली का, शेजारच्या गल्लीत आलं का, हे आधी विचारतात. बिघाड कुठे आहे हे कळल्यावर मगच पाना हातात घेतात. कॉम्प्युटर उठतानाही असंच असतं. आधी वीज, मग मदरबोर्डवरचा बायोस. तो रॅम, कीबोर्ड, डिस्क हजर आहेत का ते बघतो. मग तो डिस्कवरच्या किंवा पेनड्राइव्हवरच्या बूटलोडरला हाक मारतो. लिनक्समध्ये बहुधा त्याचं नाव ग्रब. ग्रब कर्नलला उठवतो, कर्नल आपलं पार्टिशन शोधून उघडतो आणि शेवटी डेस्कटॉप दिसतो. प्रत्येक टप्पा पुढच्याच्या हातात काम देऊन बाजूला होतो. "चालू होईना" म्हणजे नेमकं कुणाच्या हातातून निसटलं, एवढंच आपल्याला शोधायचं.

म्हणून सवय एकच लावा: स्क्रीनवर जी शेवटची ओळ आली तिचा मोबाइलवर फोटो काढा. ओळ कळली नाही तरी काढा. मदत मागताना "काहीतरी एरर येतोय" असं सांगू नका, तो फोटो दाखवा. पोट दुखतंय म्हणणाऱ्याला डॉक्टर कुठे दुखतंय ते बोट ठेवून दाखवायला सांगतात, तसंच.

आणि हो, आपल्याकडे सगळ्या डब्यालाच 'सीपीयू' म्हणतात. म्हणा, हरकत नाही. पण फोनवर मदत मागताना "सीपीयू गेला" असं सांगितलंत तर समोरचा माणूस प्रोसेसर जळाला असं समजेल आणि तुम्हाला नवा डबा घ्यायला लावेल.

आता पहिल्या टप्प्यापासून. पंखा फिरतो, लाइट लागते, पण डिस्प्ले येत नाही, बीप-बीप वाजतं. इथे लिनक्सचा किंवा विंडोजचा काहीही संबंध नाही, फॉरमॅटचा तर नाहीच. वायर काढा, डबा उघडा, धूळ ब्रशने झाडा. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेच्या साध्या खोडरबराने हलके पुसा, कचरा फुंकून न टाकता कोरड्या ब्रशने झटका आणि 'टक्' आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. दुकानात 'रॅम साफ केली' म्हणून जे बिल होतं ते बरेचदा एवढंच असतं. मदरबोर्डवरचे छोटे उभे नळकांड्यांसारखे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले तर मात्र ते घरचं काम नव्हे.

सेलबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण या नाण्याएवढ्या वस्तूने जितक्या लोकांना फसवलं आहे तितकं व्हायरसनेही नसेल. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा चपटा सेल असतो. बंद मशीनमध्ये तारीख-वेळ आणि बहुतेक जुन्या बोर्डांवर बायोसच्या सेटिंगाही तोच सांभाळतो. मशीन प्लगला जोडलेलं असेल तर बंद असतानाही बोर्डाला थोडी वीज मिळते आणि सेलवर भार येत नाही. मे महिन्यात शाळेने मेन स्विचच पाडला की सगळा भार सेलवर. आठ-दहा वर्षांचा सेल तेवढ्यात मान टाकतो. जूनमध्ये बटण दाबलं की मशीन २००९ सालात जागं होतं, 'सीमॉस चेकसम' असं काहीतरी म्हणतं आणि एफ १ दाबा म्हणून अडून बसतं. एफ १ दाबून पुढे गेलात तरी दोन गोम राहतात. पहिली, डिस्क कोणत्या पद्धतीने वाचायची ही सेटिंग मूळपदावर गेलेली असते, आयडीई होती की एएचसीआय, आणि त्यामुळे काल चालणारी विंडोज आज निळी पडते. दुसरी, तारीख चुकीची असल्याने ब्राउझरला प्रत्येक वेबसाइटचं प्रमाणपत्र खोटं वाटतं आणि एकही धड उघडत नाही. मग माणूस म्हणतो, नेट गेलं. नेट गेलेलं नसतं. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. जुना सेल काढण्याआधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नवा घातल्यावर तारीख आणि डिस्कची सेटिंग त्यावरून जुळवा. लिनक्स टाकायला बसण्याआधी हे करा, नाहीतर प्रत्येक वेळी वीज गेली की बूटचा क्रम विसरेल आणि दोष लिनक्सच्या नावावर जाईल.

पुढे पेनड्राइव्ह. लिनक्सची फाइल उतरवून ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर तो बूट होत नाही. ही चूक शिकलेली माणसंही करतात, मीही केली आहे. फाइल आणि बूटेबल पेनड्राइव्ह यांत गव्हाची गोणी आणि पोळी यांच्याइतकं अंतर आहे. मधे रुफस, एचर किंवा व्हेंटॉय यांपैकी एक प्रोग्राम लागतो, तिन्ही फुकट आहेत. व्हेंटॉयची गंमत अशी की तो एकदा पेनड्राइव्हवर बसवला की मग मात्र नुसती फाइल कॉपी केली तरी चालते, एकाच पेनड्राइव्हवर तीन-चार लिनक्स राहतात. दुरुस्तीवाल्यांनी आणि शाळांनी हाच ठेवावा. हे प्रोग्राम वापरताना पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह घेऊ नका.

फाइल पूर्ण उतरली का हेही बघा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तीन जीबी उतरवताना मधेच रेंज गेली की फाइल दिसायला पूर्ण, आतून अर्धवट असते. मग इन्स्टॉल ऐंशी टक्क्यांवर अडकतं आणि दिवस जातो. डाउनलोडच्या पानावर चौसष्ट अक्षर-अंकांची एक लांबलचक खूण दिलेली असते, तिला एसएचए २५६ म्हणतात. विंडोजच्या कमांडमधल्या सर्टयुटिलने आपल्या फाइलची तीच खूण काढता येते. दोन्ही जुळल्या पाहिजेत. पहिली आणि शेवटची चार-चार अक्षरं ताडून बघितली तरी अर्धवट फाइल पकडली जाते.

आता बायोसला सांगायचं, की आज डिस्कवरून नको, पेनड्राइव्हवरून उठ. त्यासाठी बटण दाबल्या दाबल्या एक कळ टकाटका दाबत राहायची असते. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक मशिनांत ती एफ १२, एचपीत एफ ९, असूसच्या लॅपटॉपात एस्केप, गिगाबाइटच्या बोर्डावर एफ १२. आपल्याकडच्या असेंबल्ड डब्यांत इंटेलचे जुने बोर्ड पुष्कळ आहेत, त्यांना एफ १०. एसरच्या कित्येक लॅपटॉपांत एफ १२ आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. लेनोव्होच्या काही लॅपटॉपांना तर कडेला बारीक भोक असतं, त्यात पिन खुपसली की हा मेन्यू येतो. यादीत पेनड्राइव्ह दिसला नाही तर लगेच तो खराब ठरवू नका. जुने बायोस पेनड्राइव्हला हार्डडिस्कच समजतात आणि 'हार्ड डिस्क ड्राइव्हज' या यादीच्या पोटात दुसऱ्या नंबरवर लपवून ठेवतात. तिथे जाऊन त्याला वर आणावं लागतं. डब्याच्या पुढच्या बाजूचे पोर्ट सैल झालेले असतात, मागच्या बाजूला थेट बोर्डावर लावून बघा. निळा आणि काळा असे दोन्ही असतील तर जुन्या मशीनवर काळा निवडा.

"नो बूटेबल डिव्हाइस" किंवा "ऑपरेटिंग सिस्टम नॉट फाउंड" आलं तर पेनड्राइव्ह चुकीच्या साच्यात बनला असण्याची शक्यता मोठी. साधारण २०१२ च्या आधीची बहुतेक मशिनं जुन्या बायोस पद्धतीने उठतात, त्यानंतरची यूईएफआय पद्धतीने. रुफसमध्ये जुन्यासाठी एमबीआर आणि नव्यासाठी जीपीटी असा पर्याय असतो. विंडोज ८ पासून सिक्युअर बूट नावाचा पहारेकरीही आला. तो अनोळखी बूटलोडरला दारातच अडवतो. मिंट आणि उबंटू त्याच्या ओळखीचे आहेत, काही छोट्या लिनक्स नाहीत. त्यांच्यासाठी सिक्युअर बूट बंद करावं लागतं. पण लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल तर ही सेटिंग हलवण्याआधी त्याची रिकव्हरी किल्ली कागदावर लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी विंडोज तुम्हालाच चोर समजेल.

पेनड्राइव्हवरून सुरुवात झाली आणि लगेच "हा कर्नल एक्स ८६-६४ मागतो, इथे फक्त आय ६८६ सापडला" अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली, तर भांडण करू नका, मशीन खरं बोलतंय. प्रोसेसर ३२ बिटचा आहे आणि तुम्ही आणलेली लिनक्स ६४ बिटची. सुरुवातीचे पेंटियम ४ आणि २००८ च्या सुमाराच्या छोट्या नेटबुकांतले ॲटम एन २७० यांची ही गोष्ट. कोअर टू ड्युओ ६४ बिटचा आहे, त्याला ही अडचण नाही. ३२ बिटसाठी आता वाटा कमी उरल्या आहेत. मिंटने आपल्या मुख्य मालिकेत २०२० पासून ती आवृत्ती काढली नाही, डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून तिचा इन्स्टॉलर बंद केला. डेबियन १२ आणि अँटिएक्स २३ मध्ये मात्र ती मिळते. माझं मत विचाराल तर असं मशीन टायपिंग शिकायला, गाणी ऐकायला ठेवा. त्यावर आजचा ब्राउझर चालवण्याचा हट्ट धरू नका. रॅम लिनक्स खात नाही, ब्राउझर खातो.

सगळ्यात जास्त माणसं घाबरतात ती पुढच्या टप्प्याला. ग्रबचा मेन्यू दिसला, एंटर दाबलं आणि स्क्रीन काळी. डिस्कची लाइट लुकलुकतेय, पण काही दिसत नाही. इथे मशीन बहुधा उठलेलं असतं, फक्त डिस्प्ले कार्डशी त्याचं जमलेलं नसतं. मिंटच्या पेनड्राइव्हवर 'कंपॅटिबिलिटी मोड' आणि उबंटूच्या पेनड्राइव्हवर 'सेफ ग्राफिक्स' नावाची ओळ असते. ती निवडा, निम्म्याहून जास्त काळ्या स्क्रीन तिथेच उजळतात. नसेल तर मेन्यूवर असताना 'ई' ही कळ दाबा. चार-सहा ओळी उघडतील. त्यात 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्यात 'क्वाएट स्प्लॅश' असे दोन शब्द दिसतील. त्यांच्यापुढे एक जागा सोडून नोमोडसेट हा शब्द इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं, मधे जागा न सोडता टाका: एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी. मग एफ १०. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, म्हणून मोडतोड होण्याची भीती नाही. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा उठवतानाही हाच उपाय पुन्हा करावा लागू शकतो. नंतर योग्य ड्रायव्हर टाकला की शब्दाची गरज संपते.

डेस्कटॉप दिसला की लगेच 'इन्स्टॉल'वर क्लिक करायची घाई होते. थांबा. पेनड्राइव्हवरून चालणारी ही लिनक्स तुमच्या डिस्कला हात न लावता चालते आहे. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, हे आत्ताच बघून घ्या.

आणि याच वेळी जुना माल बाहेर काढा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा कोरडी पडली तेव्हा मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. धरण बंद म्हणून शहर बंद पडलं नाही. पेनड्राइव्हवरची लिनक्स ही तशीच बाहेरून आलेली गाडी आहे. डिस्कवरची विंडोज मेली असली तरी या गाडीतून आत जाऊन फोटो, दाखले, सातबारा, बायोडेटा, सगळं दुसऱ्या डिस्कवर उचलून आणता येतं. दुकानात "डेटा उडाला" असं सांगितलेल्या कित्येक डिस्कांतला डेटा जागच्या जागी असतो. विंडोज पार्टिशन उघडताना "फक्त वाचता येईल" असं म्हणत असेल तर विंडोज पूर्ण बंद झालेली नाही, अर्धवट झोपली आहे. पुन्हा विंडोजमध्ये जाऊन शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा. विंडोज उठतच नसेल तर नुसतं वाचता आलं तरी कॉपी करायला तेवढं पुरतं.

इथेच एक प्रामाणिक इशारा. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याने, टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्याने, श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये लग्नपत्रिका जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याने आपलं कामाचं मशीन लिनक्सवर नेऊ नये. बोटांचे ठसे घेणारी यंत्रं, डिजिटल सहीचे टोकन, जुने मराठी फॉन्ट यांचे प्रोग्राम मुख्यतः विंडोजसाठी बनलेले आहेत. युनिकोडमध्ये टाइप केलेलं मराठी कुठेही नीट दिसतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर मात्र तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला की चिन्हांचा कचरा होतो. लिनक्सच्या प्रेमात पडून कुणाची रोजी अडवणारे मित्र मी पाहिले आहेत, आणि मला ते आवडत नाहीत.

इन्स्टॉल करताना "इरेज डिस्क" हा पर्याय सगळ्यात वर आणि सगळ्यात सोपा दिसतो. तो खरंच सगळं पुसतो. विंडोज ठेवायची असेल तर 'अलाँगसाइड' असं लिहिलेला पर्याय घ्या. आणि बूटलोडर कुठे बसवणार ते वाचा. एक गंमत वारंवार घडते: ग्रब हार्डडिस्कऐवजी पेनड्राइव्हवरच बसतो. मग पेनड्राइव्ह लावला की मशीन उठतं, काढला की नाही, आणि घरात त्या पेनड्राइव्हला मंगळसूत्रासारखं जपतात. उपाय सोपा आहे. पेनड्राइव्हवरून उठवून बूट-रिपेअर नावाचा प्रोग्राम चालवा आणि ग्रब आतल्या डिस्कवर बसवायला सांगा. इन्स्टॉल नीट झालं, पण थेट विंडोजच उघडते अशी तक्रार असेल तर दोन शक्यता. एक, विंडोज यूईएफआय पद्धतीची आहे आणि तुम्ही पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने उठवलात. दोघी एकमेकींना ओळखत नाहीत. बूट मेन्यूत एकाच पेनड्राइव्हच्या दोन नोंदी दिसतात, त्यातली यूईएफआय लिहिलेली निवडून पुन्हा टाकावं लागेल. दोन, काही लॅपटॉपांचा बायोस विंडोजच्या नावाशिवाय दुसरं नाव घेतच नाही. तिथे बायोसच्या बूट यादीत 'उबंटू' किंवा 'मिंट'ला हाताने वर चढवावं लागतं.

"ग्रब रेस्क्यू" असं काळ्या पडद्यावर आलं तर समजा, ग्रबचा अर्धा भाग जागेवर आहे आणि उरलेला ज्या पार्टिशनमध्ये होता ते कुणीतरी पुसलंय. बहुधा घरातल्याच कुणीतरी विंडोजमध्ये 'अननोन' दिसणारी जागा मोकळी करून घेतलेली असते. विचारा, कबूल करतील. इलाज तोच, बूट-रिपेअर. पार्टिशनच गेलं असेल तर लिनक्स पुन्हा टाकावी लागेल, पण विंडोज सहसा शाबूत असते.

आता आपल्या भागाचा खास आजार. लाइट गेली, यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलेली, मशीन धाडकन बंद. परत आल्यावर लिनक्स उठते आणि कंसात 'इनिटरॅमएफएस' एवढं लिहून थांबते. नवखा माणूस इथे हमखास म्हणतो, संपलं. संपलेलं नसतं. कर्नल उठला आहे, पण लिहिता लिहिता वीज गेल्याने पार्टिशनचा हिशेब जुळत नाही आणि तो तुमची परवानगी मागतो आहे. वरच्या ओळींत पार्टिशनचं नाव दिलेलं असतं. त्याचा फोटो काढा, मग एफ-एस-सी-के ही चार अक्षरं, जागा, आडवी रेघ आणि वाय, जागा, आणि ते नाव जसंच्या तसं टाकून एंटर. दोन-पाच मिनिटं ओळी धावतील, नंतर मशीन पुन्हा चालू करा. पण त्याच पडद्यावर 'आय-ओ एरर' असे शब्द वारंवार दिसत असतील किंवा डिस्क टकटक वाजत असेल, तर ही दुरुस्ती करू नका. ती डिस्क मरायला टेकली आहे, आणि दुरुस्तीचा भार तिला पेलणार नाही. आधी पेनड्राइव्हवरून उठवून डेटा बाहेर काढा. त्यानंतर जुन्या मशीनला छोटी एसएसडी घाला. जुन्या डब्यावर करायचा एकच खर्च विचारलात तर मी तो सांगेन. दुसरा यूपीएसच्या बॅटरीचा.

दुकानदार मित्रांना एक विनंती. शोधण्याचे वेगळे पैसे लावा, पण बिलावर बिघाड लिहा. 'सेल बदलला', 'रॅम साफ केली', 'ग्रब बसवला'. गिऱ्हाईक दोनदा वाचेल आणि तिसऱ्यांदा तुमच्याकडेच येईल. नांदेडच्या विष्णुपुरीतलं एसजीजीएस १९८१ पासून अभियंते घडवतंय, दोन्ही शहरांत शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. तिथल्या पोरांनी एखाद्या रविवारी आपापल्या गावच्या शाळेत जाऊन पाच मशिनं उठवली तर त्यांचाच हात बसेल. आणि ज्या शिक्षकांनी २००१ नंतर एमएस-सीआयटी करून माऊस पहिल्यांदा हातात धरला, त्यांना हे जड जायचं कारण नाही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात, थांबवून थांबवून करता येतात.

शेवटी इन्स्टॉल संपतं, रीस्टार्ट म्हणतं, आणि पडदा पुन्हा स्थिर होतो. कधी नुसतं चिन्ह दिसतं, कधी त्याखाली बारीक इंग्रजी ओळ असते. पहिल्यांदा लिनक्स टाकली तेव्हा मी इथे पाऊण तास बसलो होतो, बटण दाबून बंद करावं की नाही या विचारात. चहा झाला, दुसरा चहा झाला. ओळीत एवढंच लिहिलं होतं: पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा.